रातच्या लाइटीचा बाक

मोठ्यानं सांगते, भिंतीपल्याडच्यांनीबी ऐकावं. ह्यातला शब्द न् शब्द खरा हाय. खोटा निघाला तर माझ्या तोंडात गूळ कडू होऊ दे, आन् पुढच्या जन्मी मला कारखान्याच्या चिमणीवरचा कावळा करा. झालं? बसलात नीट? मग ऐका.

सणसरच्या अलीकडं उसाला खेटून एक शाळा हाय, पत्र्याची. नाव सांगत न्हाय, नावाला काय चाटायचंय. तितं भानुदास सर नववीला विज्ञान शिकवायचे. माणूस उंचीला बेताचा, पर आवाज असा की भिगवणच्या पुलावर उभं राहून धडा वाचला तर उजनीतल्या माशांनी वळून बघावं. एकदा बोलाय लागले की थांबायचं बटण न्हाय. पर हात कधी उचलला न्हाय. सगळ्या नोकरीत एका लेकराला छडी न्हाय. उलट पोरांची दयाच यायची त्यांना, आन् त्या दयेतनं त्यांनी तो बाक काढला.

हिकडच्या लोकांना हे सांगायला नको, पर लांबचं कोणी ऐकत असंल म्हणून सांगते. शेतातल्या मोटारीला लाइट एक आठवडा दिवसाची असती, एक आठवडा रातची. रातची आली की दारं धरायला जावं लागतं. म्हंजे खोरं घेऊन उसाच्या सरीत उभं राहायचं, एक सरी भरली की माती ओढून पाणी दुसरीकडं वळवायचं. बाप खोऱ्यावर, तर बॅटरी धरायला घरातलं एखादं लेकरू. सकाळी ते लेकरू शाळंत येतं ते डोळ्यात वाळू घेऊनच.

दुसरे मास्तर झोपलेल्या पोराला खडू फेकून मारायचे. भानुदास सरांनी खिडकीजवळचा शेवटचा बाक मोकळा केला आन् वर्गाला सांगितलं, "ज्याची रातची लाइट हुती त्यानं छोट्या सुट्टीपर्यंत हितं डोकं टेकायचं. कोणी उठवायचं न्हाय. मीबी उठवणार न्हाय."

एकदा वरनं साहेब आले तपासणीला. हेडमास्तर मानसिंग सरांनी त्यांना नेमकं नववीत नेलं. बघत्यात तर मागं तिघं घोरत हुती, आन् सर हळू आवाजात शिकवत हुते. हळू म्हंजे सरांच्या मानानं. साहेबांनी इचारलं, "ही पोरं झोपलीयत का?"

"व्हय साहेब," सर म्हणले. "काल रातभर तुमच्या चहातली साखर भिजवत हुती."

साहेब जे गप झाले ते इंदापूर येईपर्यंत बोलले न्हाईत म्हणं. तवापासनं बाक गाजला. लग्नात, दहाव्याला, सोसायटीच्या मीटिंगला, जिथं माणसं भेटतील तितं सर बाकाची गोष्ट सांगायचे. आन् का सांगू नये? चांगलंच काम हुतं.

त्या वर्गात सोमनाथची मोठी पोरगी हुती, संस्कृती. पाचवीपासनं खो-खोच्या संघात. पळाय लागली की तिची सावली मागं राहायची आन् नंतर धापा टाकत यायची, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. बोलायला सरांच्या तोडीस तोड. तर दिवाळी झाली आन् ही पोरगी गप झाली. खो-खो सोडला. डबा भरला तसा घरी न्यायला लागली. इचारलेलं ठाऊक असलं तरी हात वर न्हाय. मैत्रिणी बोलवायच्या, ही मान हलवून बाजूला.

आता आमच्याकडची गंमत बघा. पोरगा गप झाला तर आई मीठमोहऱ्या उतरवती. पोरगी गप झाली तर गाव शाबासकी देतं. शाळेतल्या कौसल्या मॅडम म्हणल्या, "बघा, कशी शहाणी झाली." तिची आजी सरुबाई म्हणली, "आता कशी घरंदाज दिसती. आधी नुसती शिंगरासारखी उधळायची." बापालाबी बरं वाटलं. पोरगी मोठी झाली, तिला समज आली, असंच सगळे धरून चालले.

आन् संस्कृती जाऊन त्या बाकावर डोकं टेकाय लागली. सरांनी बघितलं, मनात म्हणले, रातची लाइट असंल, घेऊ दे डुलकी. एखादं पोरगं हलवायला गेलं की सर लांबनंच हात आडवा करायचे.

पौषात बारामतीला मास्तरांचं प्रशिक्षण निघालं. विषय, पोरांच्या मनाचं आरोग्य. एकेका शाळंतनं दोघं. मानसिंग सरांनी भानुदास सरांचं नाव टाकलं, आन् जोडीला बुद्धघोष सरांचं. हा बुद्धघोष मराठीचा मास्तर, वयानं सरांच्या लेकासारखा, जीभ मात्र थोरल्या भावासारखी. त्याच्याच गाडीवर दोघं निघाले.

काटेवाडीत चहाला थांबले. सर म्हणले, "बुद्धघोष, पोरांचं मन आता मला बारामतीवाले शिकवणार का? मी लेकराच्या तोंडाकडं बघून सांगतो सकाळी काय खाऊन आलंय."

"मग बघा माझ्या तोंडाकडं."

सरांनी बघितलं. "पोहे."

"उपाशी आलोय सर."

"मग पोहे मागव," सर म्हणले. "म्हंजे खरं हुईल."

प्रशिक्षणाला जायची आमच्या मास्तरांची एक रीत हाय. सकाळी सही करायची, चहा प्यायचा, मागच्या दाराजवळची खुर्ची धरायची. पुढं पडद्यावर चित्रं सुरू झाली आन् दिवे घालवले की बाजारात सटकायचं. कोणाला पेंड घ्यायची असती, कोणाला चष्मा बदलायचा असतो. जेवणाला परत हजर. आजपतुर ही रीत कोणी मोडली न्हाय. भानुदास सरांना ठिबकच्या नळीचे जोड घ्यायचे हुते.

शिकवायला दिशा मॅडम हुत्या, मनाच्या डॉक्टर. साधी साडी, पायात चपला, बोलणं सावकाश. सांगत हुत्या, "मूल वाईट आहे की चांगलं, हे बघू नका. आधी कसं होतं आणि आता कसं आहे, ते बघा. झोप, भूक, खेळ, मित्र, अभ्यास. दोन-चार दिवसांचा बदल असेल तर सोडून द्या. आठवड्यांमागून आठवडे टिकला, तर विचारा. आणि फक्त दंगा करणाऱ्यांकडे बघू नका. त्रास न देणारी मुलं आपल्या नजरेतून सुटतात."

दिवे गेले. सरांनी पिशवी उचलली आन् उभे राहिले. त्याच टायमाला मॅडमनी इचारलं, "तुमच्यापैकी कुणी मुलांसाठी स्वतःहून काही वेगळं केलंय का?" आन् बघितलं तर मागं एक माणूस उभा. "हां सर, या पुढं. सांगा."

आता पिशवी घेऊन उभा राहिलेला माणूस काय सांगणार? पर हे भानुदास सर. माईक कोणी दिला न्हाय, लागलाबी न्हाय. त्यांनी बाकाची गोष्ट सुरू केली, साहेबांच्या साखरेसकट. सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. बाजारात गेलेले दोघं तिघं टाळ्या ऐकून माघारी पळत आले, म्हणले जेवण लागलं.

दिशा मॅडमनीबी टाळ्या वाजवल्या. मनापासनं वाजवल्या. म्हणल्या, "फार छान, सर. हे मी दुसरीकडं सांगणार आहे. एकच विचारते. दिवसाची लाइट असते त्या आठवड्यात बाकावर कोण असतं?"

"कोण असणार? मोकळाच असतो," सर म्हणले, आन् खाली बसले.

बसले, पर खुर्ची टोचाय लागली. ह्या आठवड्यात लाइट दिवसाची हुती. काल सर शाळंत असताना बायकोनं दिवसाढवळ्या त्यांच्या उसाला पाणी दिलं हुतं, सांच्याला खोरं धुऊन भिंतीला लावलेलं त्यांनी सोता बघितलं हुतं. गावात एकाच्याबी घरी रातचं कोणी जागं नव्हतं. आन् कालच बाकावर संस्कृती हुती. परवाबी. त्याच्या आधी दिवसाची लाइट हुती तवाबी. त्याच्याबी आधी. सर मागं मागं जात राहिले, दिवाळीपतुर पोचले, आन् प्रत्येक दिवसात ती पोरगी डोकं टेकून हुती. आन् शेजारी त्यांचाच हात आडवा.

बाजार राहिला. जेवणात जिलबी हुती. सरांच्या ताटातली जिलबी जशीच्या तशी, हे बघून बुद्धघोष जवळ आला. "सर, तब्येत बरी हाय ना? नळीचे जोड?"

"ऱ्हाऊ दे जोड," सर म्हणले, आन् ताट हातात घेऊनच दिशा मॅडमपुढं जाऊन उभे राहिले. "मॅडम, मघाशी मी खोटं बोललो. बाक मोकळा नसतो."

मॅडमनी आपलं ताट बाजूला ठेवलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणल्या, "उद्याच बोला तिच्याशी. वर्गासमोर नाही. शेजारी बसा, जे बघितलं ते सांगा, आणि ऐका. आणि मरून जावंसं वाटतं का, तेही सरळ विचारा."

सरांनी ताट टेबलावर ठेवलं. "मॅडम, हे इचारायचं? नसलं डोक्यात तर आपणच भरवून दिल्यासारखं व्हईल की."

"नाही होत. सगळ्यांना हीच भीती वाटते. मनात असेल तर बोलायला वाट मिळते. नसेल, तर ती म्हणेल, सर, तुम्हाला काय झालंय?"

"आन् मग मी काय सांगू तिला? म्हंजे उपदेश काय करू?"

"काहीच नाही. उपदेश अजिबात नको. मला फोन करा."

"अजिबात न्हाय?"

"मॅडम," बुद्धघोष मागनं म्हणला, "एवढ्यासाठी सरांना वेगळं प्रशिक्षण लागंल."

माघारी येताना काटेवाडी गेली, तरी सर गाडीवर एक शब्द बोलले न्हाईत. बुद्धघोषनं दोनदा मागं वळून बघितलं, माणूस पडला बिडला का म्हणून.

दुसऱ्या दिवशी संस्कृती बाकावरच हुती. छोट्या सुट्टीत सरांनी तिला प्रयोगशाळेत बोलवलं. दार उघडं ठेवलं. दाराशी कौसल्या मॅडम वह्या तपासत बसल्या हुत्या, त्यांना बुद्धघोषनं सगळं सांगून ठेवलं हुतं. सर उपदेश कराय लागले की खोकायचं, असं ठरलं हुतं.

सर बसले. घसा साफ केला. "हे बघ संस्कृती, आयुष्य म्हंजे..."

कौसल्या मॅडम खोकल्या.

सर थांबले. मग जे गप बसले! कपाटात शाळेचा प्लास्टिकचा सांगाडा लटकावलाय, त्यानंसुद्धा मान वळवून बघितलं, आज ह्या माणसाला झालं काय म्हणून. संस्कृती टेबलावरचा आम्लाचा जुना डाग नखानं खरडत हुती.

"ह्या आठवड्यात लाइट दिवसाची हाय," सर शेवटी म्हणले. "आन् तू बाकावर हाईस. दिवाळीपासनं हाईस. खो-खोला येत न्हाईस, डबा खात न्हाईस. हे सगळं मला दिसत हुतं. मी इचाराय पायजे हुतं, इचारलं न्हाय. आता इचारतो. काय होतंय?"

लई वेळ काय बोलली न्हाय. सरबी बोलले न्हाईत. एवढं सोपं नव्हतं त्यांना. तोंडात शब्द चण्यासारखे फुटत हुते, पर ओठ मिटून धरलेले.

"झोप लागत न्हाय सर," संस्कृती म्हणली. "पहाटं जाग येती. छातीवर कायतरी ठेवल्यागत वाटतं. मग शाळंत यायचं, तर सगळी बोलत असत्यात. त्या बाकावर कोणी बोलत न्हाय. कोणी काय इचारत न्हाय. म्हणून बसते तितं."

सरांना हे कुठं लागलं ते सांगायला नको. ज्या बाकाच्या टाळ्या घेतल्या, त्या बाकावर ही पोरगी लपत हुती, आन् त्यांनी सोता पहारा दिला हुता.

"काय झालं म्हणून असं?"

"काय झालं न्हाय. तेच तर. काय झालं असतं तर सांगितलं असतं."

सर म्हणले, "संस्कृती, मरून जावं असं वाटतं का तुला?"

दाराशी कौसल्या मॅडमचा पेन थांबला.

"रोज न्हाय," संस्कृती म्हणली.

एवढंच. सुट्टीचा गलका बाहेर चालला हुता, नळावर पोरं पाणी उडवत हुती. सरांच्या पोटातनं दहा उपदेश वर आले. आई-बापाचा इचार कर, देवानं दिलेलं आयुष्य, पुढं केवढं शिकायचंय. सगळे त्यांनी गिळले. "बरं झालं सांगितलंस," म्हणले. "एकटी न्हाईस आता ह्यात."

"घरी सांगू नका सर."

"सांगावं लागंल. हे मी माझ्यापाशी ठेवू शकत न्हाय. पर तुझ्यासमोर सांगीन, मागनं न्हाय. आन् बारामतीला मॅडम हाईत, त्यांना येतं ह्याच्यातलं. मला येत न्हाय."

संस्कृती पहिल्यांदा वर बघून म्हणली, "तुमाला येत न्हाय?"

"न्हाय."

त्या दिवशी कौसल्या मॅडमनी तिला नजरेआड केलं न्हाय. तिला शहाणी म्हणालेलं त्यांना आठवत हुतं. आपल्या डब्यातली पोळी पुढं केली, तिनं खाल्ली न्हाय, तरी डबा तिच्यासमोर उघडाच ठेवला. सरांनी तेवढ्यातच दिशा मॅडमना फोन लावला. मॅडमनी काय काय सांगितलं, त्यातलं एक सरांनी दोनदा इचारून घेतलं.

शाळा सुटल्यावर सर, कौसल्या मॅडम आन् संस्कृती तिघं सोमनाथच्या वस्तीवर गेले. सोमनाथ गोठ्यात धार काढायच्या तयारीत हुता. सरुबाई उंबऱ्यात बसून शेंगा फोडत हुती. मास्तर दारात आले म्हंजे पोरगी नापास, असंच दोघांनी धरलं.

सरांनी सांगितलं. जसं झालं तसं, कमी न्हाय, जास्त न्हाय, आन् उद्या बारामतीला डॉक्टर मॅडमकडं न्यायचंय हेबी. संस्कृती खांबाला टेकून उभी.

सोमनाथच्या कपाळावर आठी चढली. "म्हंजे माझी पोरगी येडी हाय म्हणा की."

"तसं न्हाय, सोमनाथ."

"येड्याच्या डॉक्टरकडं न्यायची, मग काय निराळं?"

सरुबाई शेंगा फोडायची थांबली न्हाय. "मास्तर, गप पोरगी म्हंजे काय आजार हाय का? उद्या सोयरीक आली आन् कोणी सांगितलं हिला असल्या डॉक्टरकडं न्हेलं हुतं, तर? कोण करून घील? लागिर-बिगिर असंल तर मी बघते, हाय माझ्या वळखीची बाई भिगवणला."

सर गप.

"बोला की," सरुबाई म्हणली. "एरवी तुमचा आवाज आमच्या गोठ्यापतुर येतो, म्हशी दूध चोरत्यात."

"काय बोलू, मावशी," सर म्हणले. "मला कळलं न्हाय. दिवाळीपासनं माझ्यासमोर डोकं टेकून हुती आन् मी लोकांना सांगत फिरलो, माझा बाक बघा."

"तुमाला कळलं न्हाय तर आमाला कुठनं कळणार?" सोमनाथ म्हणला, पर आवाज खाली आला हुता.

मग मॅडमनी फोनवर इचारायला सांगितलेलं सरांनी इचारलं. "सोमनाथ, फवारणीचं औषध कुठं ठेवतोस?"

"गोठ्यात. फळीवर. का?"

सोमनाथनं सरांकडं बघितलं, कौसल्या मॅडमकडं बघितलं, आन् मग पोरीकडं बघितलं. पोरगी खाली बघत हुती.

सोमनाथ उठला. फळीवरच्या बाटल्या, डबे, सगळं एका पोत्यात भरलं. बायको रानातनं येत हुती, तिनं इचारलं, काय झालं, तर तिलाबी बोलला न्हाय. पोतं पाठीवर टाकून पल्याडच्या वस्तीला विशालकडं, त्याच्या चुलतभावाकडं, नेलं. त्याच्या खोलीत ठेवलं, वर कुलूप घातलं आन् किल्ली विशालच्याच हातात दिली. माघारी आला. हातपाय धुतलं. म्हशी हंबरत हुत्या, तिकडं गेला न्हाय. संस्कृतीजवळ जाऊन बसला, आन् सरांना म्हणला, "उद्या कुठल्या गाडीनं जायचं?"

"मीबी येणार," सरुबाई म्हणली.

"तू कशाला, आये?"

"मग स्टँडवर लोकांनी इचारलं, कुठं निघाला, तर तू काय सांगणार? तुला खोटं बोलता येत न्हाय. मी सांगीन, माझं गुडघं दाखवायचंय."

आन् खरंच तसं केलं. सकाळी येष्टीच्या थांब्यावर अर्धा गाव भेटला. हिंदुरावनं इचारलं, भीमानं इचारलं, सगळ्यांना सरुबाईनं गुडघं सांगितलं आन् अशी लंगडली की कंडक्टरनं खाली उतरून हात दिला. सांच्याला माघारी आली तवा दुसऱ्या पायानं लंगडत हुती. हिंदुराव म्हणला, "आजी, सकाळी उजवा हुता न्हवं?" सरुबाई म्हणली, "डॉक्टरनं हिकडचं दुखणं तिकडं केलंय, पुढच्या खेपंला काढणार हाय."

दिशा मॅडमनी आधी एकट्या संस्कृतीशी बोलून घेतलं, मग सगळ्यांना आत घेतलं. सांगितलं, हा आजार हाय, नाटक न्हाय, कोणाची चूक न्हाय. गोळ्या असतील, बोलायला यावं लागंल, लगेच फरक दिसणार न्हाय. सरुबाईनं इचारलं, "बाहेरचं काय न्हाय ना?" मॅडम म्हणल्या, "नाही आजी. जसा मधुमेह असतो, तसंच." सरुबाईला मधुमेह हाय. मग तिला पटलं. वर मॅडमलाच म्हणली, "गोळी चुकवायची न्हाय हे हिला मी सांगते, मला सगळे रोज हेच सांगत्यात."

शाळंत तवा निराळाच गोंधळ. बाकाचं काय करायचं? मानसिंग सर म्हणले, काढून टाका, भानगड नको. भानुदास सर म्हणले, "बाकाचा काय दोष? रातची लाइट काय बंद झाली न्हाय." बाक राहिला. पर आता त्यावर डोकं टेकायच्या आधी लेकरानं सांगायचं, घरी रातचं कोण हुतं, पाणी कुठल्या रानाला हुतं. आन् दिवसाच्या लाइटीच्या आठवड्यात जे कोणी बाकावर दिसंल, त्याच्या शेजारी सर जाऊन बसायचे. गप.

बुद्धघोषनं सगळ्या मास्तरांना धरून बसवलं, बारामतीला शिकलेलं हितं शिकवायला. जोड्या पाडल्या, एकानं इचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं. मानसिंग सरांच्या वाट्याला बुद्धघोषच आला. मानसिंग सरांनी आवाज मऊ करून इचारलं, "तुम्हाला झोप नीट लागते का?"

"तुमचं भाषण सुरू झालं की लागती, सर."

"आधीपासून लागते, की हा बदल अलीकडचा?" मानसिंग सर म्हणले. सगळे हसले, पर प्रश्न बरोबर हुता. त्यांनासुद्धा यायला लागलं हुतं.

होळीच्या सुमाराला संस्कृती पुन्हा बाकावर दिसली. सरांनी तवाच फोन केला, तर दिशा मॅडम म्हणल्या, "असं होतं मधेमधे. सरळ चढण नसते ही. भेटायला घेऊन या." सोमनाथ घेऊन गेला. मॅडमनी गोळ्या बदलून दिल्या. चार दिवस तिची आई शाळेच्या फाटकापतुर सोडायला येत हुती. मग संस्कृतीच म्हणली, नको येऊ. बाटल्या मात्र अजून विशालकडंच हाईत. फवारायचं असलं की सोमनाथ तिकडनं घेतो आन् उरलेलं तितंच ठेवून येतो.

आन् मग चैत्रात काय झालं म्हणता! मैदानावर खो-खोचा सामना लागला, काटेवाडीकडच्या पोरी आलेल्या, आपला संघ हरत आलेला. तर संस्कृती उठली, दप्तर कौसल्या मॅडमकडं दिलं, आन् पळाली. अशी पळाली की धूळ उडून सूर्य झाकला, मानसिंग सरांनी सांज झाली म्हणून शाळा सुटायची घंटा द्यायला लावली. सामना जिंकला, पोरींनी तिला खांद्यावर घेतलं, आन् सरुबाई गुडघं विसरून फाटकावरनं उडी मारून...

बरं, बरं. बघू नका असं माझ्याकडं. सामन्याचं तेवढं मी पदरचं घातलं. कुठलाच सामना नव्हता. संस्कृती अजून पळत न्हाय. झालं एवढंच, की मधल्या सुट्टीत ती मैदानाच्या कडंला बसली, डबा उघडला आन् अर्धी भाकरी खाल्ली. भानुदास सर शेजारी जाऊन बसले, शिकल्यापरमाणं गप. जरा वेळानं ती म्हणली, "सर, तुमी बोला की कायतरी. असं गप बसलात की भ्या वाटतं."

सर बोलाय लागले, ते घंटा झाली तरी थांबले न्हाईत.